खालच्या ओळीतले हात

४ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझं मागचं कार्ड बसस्थानकाच्या सामानघरातून आलं होतं. अजून तिथेच टिकला आहेस असं धरून लिहिते. फोन पुन्हा हरवलायस, म्हणून पत्र.

एक काम आहे. आधी काय झालं ते सांगते, नाहीतर तू अर्ध्यावर सोडशील.

हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी थांबलेल्या लोकांची यादी सांभाळणारा प्रोग्राम माझ्याकडे आहे, हे तुला माहीत आहे. तू आईला सांगायचास, "ताई तिथे कॉम्प्युटरवर रांग लावते." पण ती रांग नसते. ते झाड असतं, उलटं धरलेलं. एक नाव वर. ज्यांचा नंबर त्याच्या आधी ते डावीकडे, ज्यांचा नंतर ते उजवीकडे, आणि त्या प्रत्येकाखाली पुन्हा तसंच. हजार नावांतलं एक शोधायला दहा-बारा पावलं पुरतात. पण नावं रोज येतात, रोज जातात, आणि एखादी बाजू जड होते. मग तोल सावरायला लोकांना उठवून जागा बदलायला लावायचं. वरचा खाली बसतो, खालचा वर येतो, आणि त्या अदलाबदलीत एकाच्या मांडीवरचं पोर दुसऱ्याच्या मांडीवर द्यावं लागतं.

आई गेल्यावर पाचव्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसून करणार काय? त्या दिवशी यादीतून नाव कमी करायचा भाग मी नव्याने लिहिला. पोर उचललं, आणि दुसऱ्याच्या मांडीवर द्यायची ओळ लिहिलीच नाही. प्रोग्राम अडला नाही की कुरकुरला नाही. त्याच संध्याकाळी एक फांदी गळाली. अकरा माणसं. चव्वेचाळीस दिवस कुणालाच कळलं नाही, कारण यादीत नसलेल्या माणसाची आठवण यादी कशी करून देणार?

दहा जणांना फोन लागले. अकरावी बाई तुझ्याच गावात राहते. खुर्च्यांना गाद्या शिवते. काचबिंदू आहे. तिचा नंबर अकरा सप्टेंबरला लागला होता. फोन नाही, पाठवलेलं पत्र परत आलं. नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे, काम झालं की फाडून टाक. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. म्हणून लवकर जा. तिला एवढंच सांग, तुमचा नंबर लागलाय, चला. बाकी मी बघते.

चूक माझी आहे हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमची परिस्थिती आम्हाला माहीत आहे." मला काही वाटलं नाही.

जेवते. झोपही लागते. आईच्या खोलीतला पंखा चालू ठेवते, बंद केला की घर ऐकू येतं.

ताई


१० ऑक्टोबर

ताई,

नमस्कार वगैरे. घाईत आहे, बाकीचं तू मनात भर.

पत्र सातला मिळालं. आमच्या मुकादमांनी पाकीट कानाशी धरून हलवलं आणि विचारलं, "कोर्टाचं की लग्नाचं?" म्हटलं, ताईचं. म्हणाले, "म्हणजे दोन्हीपेक्षा भारी."

इथलं काम सोपं आहे. लोक सामान ठेवतात, मी त्याला नंबरचा बिल्ला बांधतो, जोडीचा बिल्ला त्यांच्या हातात देतो, ते परत येतात तेव्हा शोधून देतो. फळी एकच, पण लांबलचक, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कोपऱ्यात वळून पुन्हा पुढे. तीनशे चाळीस डाग, म्हणजे सामानाचे नग. मध्यंतरी एक माणूस भोंगा ठेवून गेला, वाजवायचा, पितळेचा, माझ्या छातीएवढा. मी म्हटलं, "परत कधी येणार?" तर म्हणे, "वाजवावंसं वाटलं की." चार दिवस झाले. मी त्याच्यात तोंड घालून तुझं नाव घेतलं, आख्खं सामानघर "ताई" म्हणालं.

हां, ते काम. गेलो होतो. दाराला हे एवढं कुलूप. आजूबाजूला विचारायला कुणी नव्हतं. पुन्हा जाईन.

ते मांडीवरच्या पोराचं मी दोनदा वाचलं. तुझ्या आईच्या, म्हणजे मावशीच्या, मांडीवर मला दिलं तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तेव्हा कुणी द्यायला विसरलं नव्हतं, एवढं तरी बरं. मावशी गेल्याचं तुझं कार्ड फार उशिरा मिळालं ते मागे लिहिलंच होतं. त्याच्यावर आणखी काय लिहू, सुचत नाही. मी आहे तसा आहे. फळीला टेकून उभा राहतो, लोक बिल्ले पुढे करतात, मी देतो.

मला एक सांग. एवढ्या उठाबशा काढायला लावणारं झाड ठेवता कशाला? कुणी आलं की सगळ्यांनी सरकायचं, कुणी गेलं की सगळ्यांनी सरकायचं. याच्यापेक्षा सरळ ओळीत का नाही उभं करत?

तुझा,
भिंगरी


१३ ऑक्टोबर

भिंगरी,

पुन्हा जा. शेजारी विचार. तीन नोव्हेंबरची जागा तिच्यासाठी धरून ठेवली आहे. त्यापुढे धरता येणार नाही, ती दुसऱ्या कुणाला जाईल, आणि मग पुढची कधी ते मला माहीत नाही.

तू जे विचारलंस तेच मी चार दिवस साहेबांना सांगतेय, फक्त इतकं सरळ नाही. सरळ ओळीत उभं केलं तर शोधायला वेळ लागतो. तुझी तीनशे चाळीस डागांची फळी तूच चालतोस ना रोज. पण त्याच्यावर एक उपाय आहे. त्याला स्किप लिस्ट म्हणतात.

सगळी नावं नंबराप्रमाणे एका ओळीत. प्रत्येकाने पुढच्याचा हात धरलेला. ही खालची ओळ, तिच्यातून कुणी सुटत नाही. तिच्यावर एक मजला, त्यावर साधारण अर्धीच माणसं. त्यांनी आपापल्या मजल्यावरच्या पुढच्याचा हात धरलेला, म्हणजे मधली गाळून लांबचा. त्याच्यावर आणखी एक मजला, तिथे पाव. असं वर वर विरळ होत जातं. शोधायचं तर सगळ्यात वरून निघायचं, लांब ढांगा टाकत. पुढचा हात हव्या त्या नंबराच्या पलीकडे जातोय असं दिसलं की एक मजला उतरायचं. पुन्हा पुढे, पुन्हा उतर. पावलं झाडाइतकीच लागतात, थोडीफार इकडे तिकडे.

आता कुणी किती मजले चढायचं? हे कुणी ठरवत नाही. नवं नाव आलं की खालच्या ओळीत उभं करायचं आणि नाणं उडवायचं. छापा पडला तर एक मजला वर, पुन्हा उडवायचं. काटा पडला की थांबायचं. बस. तोल सावरायला कुणाला उठवायचं नाही, कुणाच्या मांडीवरून काही उचलायचं नाही. फार फार वाईट नशीब असलं आणि सगळ्यांनाच काटा पडला, तरी एक लांब ओळ उरते. हळू चालते, पण सगळे तिच्यात असतात.

साहेब म्हणाले, "हॉस्पिटलची यादी तुम्ही नाण्यावर ठेवणार?" मी म्हटलं, "नंबर नाण्यावर नाही. फक्त कोण किती उंच उभं राहणार ते." ते हसले. मीही हसले असेन. चेहरा तसा झाला होता.

झाडात एक हात सुटला की फांदी जाते. इथे वरचा हात सुटला तर फक्त चाल मंद होते. खालची ओळ तेवढी डोळ्यांत तेल घालून बघायची. एकच ओळ. तेवढं माझ्याने या दिवसांत होईल असं वाटतं. झाड नाही होणार.

ताई


१८ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र सोळाला आलं आणि त्या दिवसापासून माझं डोकं त्याच्यातच आहे. मी तुझी स्किप लिस्ट बांधलीय! खरीखुरी, दोऱ्यांची.

असं केलं. सगळे डाग नंबराप्रमाणे, एकाच्या मुठीपासून दुसऱ्याच्या मुठीला पांढरी दोरी. ती तुझी खालची ओळ. मग लाल दोरी, अर्ध्यांना. मग निळी, त्याहून कमी. मुकादम आले, सगळीकडे दोऱ्या बघून म्हणाले, "कपडे वाळत घालणारेस की फास लावून घेणारेस?" म्हटलं, शोधायला सोपं पडतं. म्हणाले, "बावीस वर्षं मी बोटाने शोधतोय. बोट कधी तुटलं नाही."

पण ताई, जमलं नाही. निळ्या दोरीवरून निघालो की पहिल्या तीन ढांगांत खिडकीपाशी पोचतो, आणि पुढे मग आहेच, एक एक करत चालत जायचं. दोरीत पाय अडकतो ते वेगळंच. कुठे चुकलं ते बघ. लाल आणि निळी दोरी कुणाला बांधायची ते मी ठरवलं, म्हणजे उगाच नाही, चांगलं सामान बघून. पितळेचा भोंगा, एक चामड्याची पेटी, एक वाद्यासारखं काहीतरी कापडात गुंडाळलेलं. सगळ्या फाटक्या पिशव्यांना उंच कशाला करायचं? आणि नाणं मी या असल्या कामाला वापरत नाही. ते तेच नाणं आहे, जिन्यातलं. छापा पडला तर मी जायचं आणि तू मावशीपाशी थांबायचं, काटा पडला तर उलटं. तू उडवलंस, झेललंस, छापा म्हणालीस, नाणं माझ्या खिशात घातलंस. चार वर्षं त्याचंच ऐकतोय. कुठल्या गावी उतरायचं, कुठलं काम धरायचं, कधी सोडायचं. नऊ गावं झाली. एकदा एका गावात बोटीला रंग देण्याचं काम लागलं होतं, तिथे एक म्हातारा सबंध दिवस एकाच फळीला रंग लावायचा, संध्याकाळी खरवडून काढायचा. त्याचं नंतर सांगेन.

आज एक जण आपली ट्रंक घेऊन गेला. एकशे बारा नंबर, ओळीच्या मधलीच. मुकादमांनी दोऱ्यांची पर्वा न करता ओढून काढली. आता एकशे अकराची दोरी इकडे लोंबतेय आणि एकशे तेराची तिकडे. मी बघत बसलो. बांधावंसं वाटेना.

बाई अजून भेटली नाही. परत गेलो होतो, कुणी नव्हतं.

भिंगरी


२१ ऑक्टोबर

भिंगरी,

नाण्याला बॅग दिसता कामा नये. हीच तुझी चूक. चांगल्या सामानाला तू खिडकीपाशचेच नंबर दिले असणार, लोकांनी बघावं म्हणून. त्यामुळे उंच सगळे एका टोकाला गोळा झाले आणि उरलेली फळी बुटकी राहिली. कोण भारी, कोण फाटकं, हे नाण्याला माहीत नसतं म्हणून उंच माणसं सगळ्या ओळीभर पसरतात. ठरवून उंच केलं की मोडतं.

आता दुसरं. चिठ्ठीवरचा पत्ता ती काम करते त्या कारखान्याचा आहे, आणि तिथूनच परत आलेलं पाकीट माझ्या टेबलावर आहे. पोस्टमनने त्याच्यावर लिहिलंय: "कारखान्याचे फाटक दिवसभर उघडे. आत विचारले. अशी व्यक्ती नाही." हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण लिहायचं काय काय असतं तेच मला हल्ली आठवत नाही.

उघड्या फाटकाला तू कुलूप कुठे पाहिलंस?

तू गेलाच नाहीस.

रागावले नाहीये. रागवायला जे लागतं ते सापडत नाहीये. तीन तारखेला तेरा दिवस आहेत.

ताई


२५ ऑक्टोबर

ताई,

काल गेलो. तुझं पत्र सकाळी आलं, बिल्ल्यांची पेटी मुकादमांच्या हातात दिली आणि निघालो. ते म्हणाले, "कुठे?" म्हटलं, येतो. पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. पूल, मग दोन वळणं, मग लाकडाच्या भुशाचा वास येतो तिथे. पंचवीस मिनिटं, ताई. मधे एके ठिकाणी एक माणूस खिडकीतून पियानो खाली उतरवत होता, मी थांबलो नाही. हे तुला मुद्दाम सांगतोय.

फाटक उघडं. वॉचमनला चिठ्ठीवरचं नाव सांगितलं. म्हणाला, "अशी कुणी नाही." मी म्हटलं, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. "अरे, मग सुईबाई म्हण ना! नाव काय घेऊन बसलास?" तिचं खरं नाव तिथे एकालाही माहीत नाही. शेडच्या मागे एका खोलीतच राहते.

लांब टेबल, त्याच्यावर बसच्या सीटा ओळीने, ती एकीवर वाकलेली. मी डावीकडून गेलो. तिला कळलंच नाही. हाक मारली तर दचकली. "कोण रे? समोरून ये. डावीकडून आलास तर मला तू नाहीसच."

मी म्हटलं, "तुमचा नंबर लागलाय. हॉस्पिटलात."

"लागला? मला वाटलं मेली ती यादी."

"सप्टेंबरातच लागला होता."

"मग आज काय सांगत आलास? शुभवार्ता शिळी करून आणतात का?"

तू फक्त एवढंच सांग म्हणाली होतीस. मला ते जमलं नाही. सगळं सांगितलं. माझ्या बहिणीच्या हातून यादीची एक फांदी गळाली, तिची आई गेली होती त्या आठवड्यात. आणि मला पत्र मिळून सतरा दिवस झाले, मी आलो नाही.

"का नाही आलास?"

"रोज नाणं उडवायचो. काटा पडायचा. कधी छापा पडला तर वाटेत दुसरंच काही दिसायचं."

तिने हात पुढे केला. "दे बघू." अंगठ्याने नाणं दोन्ही बाजूंनी चोळलं. पुन्हा चोळलं. "गुळगुळीत झालंय की रे. माझ्या बोटाला कापडातला एक धागा निसटलेला कळतो. याच्यात छापा कुठला, काटा कुठला, मला नाही कळत. तुला कळतो?"

मी नाणं घेऊन परत खिशात टाकलं.

मग म्हणाली, "तुझी बहीण शिवणकामच करते म्हणायचं. आमचंही तसंच. टाका सुटलेला कुणाला दिसत नाही. कुणीतरी बसतं तेव्हा कळतो." आणि परत वाकली. "सहा सीटा राहिल्यात. बस तिथे. भुसा झटक आधी."

सहा सीटा होईपर्यंत बसलो. मग इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डावा गेला. उजव्यातली मधली नजर शाबूत आहे, कडेकडेने कमी होत आलीय. ऑपरेशन वेळेवर झालं तर एवढी राहील म्हणाले. मी विचारलं, डावा कधी गेला, अंदाजे? सप्टेंबरात की आत्ता या पंधरवड्यात? डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही, हळूहळू जातो, माणसालाही कळत नाही. सुईबाई म्हणाली, "अंगठ्यात दोनदा सुई घुसली तेव्हा मला शंका आली. पण तारीख कुणी लिहून ठेवतं का?"

म्हणजे तुझ्या चव्वेचाळीस दिवसांत गेला की माझ्या सतरा दिवसांत, हे कधीच कळणार नाही. मी वाट बघत होतो की आता काहीतरी होईल मला. रडू, नाहीतर उलटी. काही झालं नाही. तिला खोलीवर सोडलं आणि चालत परत आलो, पुलावर एक माणूस जाळं वाळत घालत होता.

आता आणखी एक. मावशीचं कार्ड मला उशिरा मिळालं नव्हतं. चौथ्या दिवशीच मिळालं होतं. बसस्थानकावरच तर काम करतो मी, बस समोर उभी होती. नाणं उडवलं. काटा. पुन्हा उडवलं नाही, कारण जिन्यात आपलं ठरलं होतं, एकदाच उडवायचं.

तीन तारखेला तिला घेऊन येतो. हे मी उडवून बघितलेलं नाही.

भिंगरी


२८ ऑक्टोबर

भिंगरी,

तीन तारखेला सकाळी नऊला तिला तळमजल्यावर आण. कागद मी आधीच पाठवून ठेवते. तिला नाव विचारतील तेव्हा खरं नाव सांगायला लाव, सुईबाई नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कार्ड चौथ्या दिवशी मिळालं हे वाचून मी वाट बघितली. मलाही काही झालं नाही.

पण तुला एक सांगायचं राहिलंय, चार वर्षं.

जिन्यात काटा पडला होता.

मी झेललं, मूठ उघडून पाहिलं, काटा होता, आणि मी छापा म्हणाले. तू मुठीत डोकावलासुद्धा नाहीस, माझ्यावर विश्वास टाकून पिशवी उचललीस. तुला मोकळं करायला मी हे केलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. तसं नव्हतं. मला जायचंच नव्हतं. ती लांबची नोकरी, नवं गाव, आईला सोडून. माझी छाती नव्हती. आणि घाबरून थांबले हे मला माझ्या नावावर नको होतं, म्हणून नाण्याच्या नावावर टाकलं. नंतर आईचं अंग पुसताना, तिला कुशीवर वळवताना, किती वेळा मनात म्हटलं असेन, काय करणार, छापा पडला. स्वतःलाही तेच सांगत राहिले. म्हणजे तू ज्याचं ऐकत नऊ गावं फिरलास ते नाणं पहिल्याच दिवशी खोटं बोललं होतं. आणि ते नाणं नव्हतं, मी होते.

थांबायचं तुला होतं. बस समोर असून तू आला नाहीस, त्यात माझाही हात आहे. सुईबाईच्या डोळ्यासारखंच, कुणाच्या वाट्याचं किती ते निघणार नाही.

नवी यादी परवापासून चालू आहे. नाव कमी करायचा भाग मी पुन्हा लिहिला. तो फार छोटा आहे. जायचं ते नाव शोधायचं. ते ज्या ज्या मजल्यावर उभं असेल तिथे त्याच्या आधीचा कोण ते बघायचं, आणि त्या आधीच्याचा हात नंतरच्याच्या हातात द्यायचा. झालं. बाकीच्या हजार माणसांना कळतही नाही कुणी गेलं ते. कुणाला उठावं लागत नाही. फक्त शेजारच्या दोघांना काम असतं.

लिहून झाल्यावर मी खालची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचली, एक एक नाव. दुपार गेली. सगळे होते. शिपाई विचारून गेला, "बाई, चहा?" मी नको म्हटलं असावं, कारण नंतर चहा नव्हता.

तू लिहिलं होतंस, एकशे बारा नंबरची ट्रंक गेली आणि दोन टोकं लोंबतायत. ते वाचलं त्या दिवशी मला काहीच सुचलं नव्हतं, मी फक्त उंच डाग कुठे चुकले तेवढंच उत्तर दिलं. आता सांगते. आपल्या दोघांच्या मधे आई उभी होती. तिच्या एका हातात तू, एका हातात मी. मला तुझी बातमी तिच्याकडून, तुला माझी तिच्याकडून. ती गेली, आणि तू तुझं टोक तसंच सोडलंस, मी माझं. एवढं एकच काम होतं दोघांना. बाकी सगळ्या जगाला उठावं लागलं नसतं.

हे रडत लिहायला हवं ना. येत नाही. तपासून झालेल्या गोष्टीसारखं लिहितेय.

तिला सोडून तू चारच्या बसने परत जाणार असशील. जा. थांबलास तर थांब. मी सांगणार नाही, माझ्या सांगण्याचा हिशेब एकदा चुकलाय.

काल आईच्या खोलीतला पंखा बंद केला. आवाज फक्त नळाचा येतो.

ताई


३ नोव्हेंबर, दुपार

ताई,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुमच्याच शिपायाकडे देतोय, त्याला म्हटलं यादीच्या बाईंना दे. म्हणाला, "कुठल्या? ज्या चहाला हो म्हणून नको म्हणतात त्या?"

सुईबाईला अकराला आत घेतलं. खरं नाव तिने असं सांगितलं की जणू दुसऱ्या कुणाची चौकशी करतेय. आत जाताना मला म्हणाली, "उजवीकडेच उभा राहा हं बाहेर आले की." मघाशी नर्स सांगून गेली, झालं, नीट झालं, पट्टी दोन दिवसांनी सुटेल. उरली तेवढी राहील. डाव्याचं कुणी काही बोललं नाही, तिनेही नाही.

तुझं पत्र बसमध्ये तिला वाचून दाखवलं. रागावू नकोस, रस्ता लांब होता आणि तिला शिवायला काही नव्हतं. जिन्यातलं ऐकून तिने बोटावर अंगठा फिरवला. मग म्हणाली, "गुळगुळीत व्हायच्या आधीपासूनच गुळगुळीत होतं म्हणायचं." आणि झोपली.

मला काय वाटलं ते विचारशील. चार वर्षं मी जे ऐकलं ते तू बोलली होतीस, नाणं नाही, हे वाचून राग यायला हवा होता. मी खिडकीतून विजेचे खांब मोजत बसलो. पण निघायच्या आदल्या दिवशी एक केलं. सगळ्या लाल-निळ्या दोऱ्या सोडल्या, आणखी तीन रंगांच्या आणल्या आणि पुन्हा बांधल्या, या वेळी मुकादमांचं नाणं उडवून, सामानाकडे न बघता, एकेका डागासाठी. फाटक्या गोणीला पाच मजले मिळाले. भोंगा तळाशी. आणि चालतंय, ताई. मुकादमांनी मुद्दाम दोनशे सत्याऐंशी मागितला. मी नऊ ढांगांत हात ठेवला. ते म्हणाले, "बोटाने बारा लागल्या असत्या." त्यांच्याकडून याहून जास्त मिळत नाही.

एकशे अकराचं टोक एकशे तेराला बांधलं ते मात्र सगळ्यात आधी.

मी तळमजल्यावर आहे, औषधांच्या खिडकीसमोर तिसरा बाक. वर यायला गळ्यात बिल्ला लागतो, माझ्याकडे बिल्ले पुष्कळ होते पण ते ट्रंकांचे. तुझ्या खोलीचा जिना या बाकापाशीच उतरतो, मी विचारून घेतलंय. आत्तापर्यंत सात जण उतरले. तू नव्हतीस.

चारला बस आहे. जिन्यातलं नाणं या पाकिटात घातलंय, सांभाळ नाहीतर टाकून दे. माझ्याकडे आता उडवायला काही नाही, त्यामुळे मला ठरवता येत नाही. बसून राहतोय.

भिंगरी